अमेरिकेतली ड्रम मेजरची उन्हाळी शिबिरं: सुरुवात कधीची, आणि तीन-चार दिवसांत शिकवतात तरी काय?

पडघम (धागाकर्ता)

अमेरिकेत शाळा-कॉलेजांच्या मार्चिंग बँडचं नेतृत्व करणारी मुलं, म्हणजे ड्रम मेजर, उन्हाळ्याच्या सुट्टीत तीन-चार दिवसांच्या निवासी शिबिराला जातात. मराठीत यावर सलग काही सापडत नाही, म्हणून लेख लिहायचा विचार आहे आणि आधी जाणकारांना विचारतो.

जॉर्ज पार्क्स यांच्या १९७८ च्या ड्रम मेजर अकॅडमीचं नाव सगळ्यात आधी कानावर पडतं. त्याआधी काहीच नव्हतं का? अशी वेगळी शिबिरं काढायची गरज मुळात का पडली? बँडचे मास्तर शाळेतच शिकवू शकत नव्हते का? आणि तिथे प्रत्यक्ष शिकवतात काय, हा तिसरा प्रश्न. आपल्याकडे ड्रम मेजर म्हटलं की २६ जानेवारीच्या संचलनातला, हातात लांब मेस (खुणा करायचा दंड) घेऊन बँडपुढे चालणारा रुबाबदार जवान आठवतो. अमेरिकेतल्या व्हिडिओंत मात्र ड्रम मेजर शिडीवर उभा राहून हात हलवताना दिसतो. हे दोघे एकच का?

'व्यक्तिमत्त्व विकास' छापाचं उत्तर नको. तपशील हवेत.

---

कवायत मास्तर

शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण बाकीच्या दोन प्रश्नांची उत्तरं त्यातच आहेत. दोघे मुळात एकच. ब्रिटिश पलटणींत ढोलवाल्यांचा प्रमुख तो ड्रम मेजर. बँड रस्त्यावरून चालतो तेव्हा मागच्या रांगेला आवाजी हुकूम ऐकू जात नाही, म्हणून मेस. ती उंच धरली की सगळे सावध, झटक्यात खाली आली की कृती. आपल्या सैन्याच्या आणि पोलिसांच्या बँडनी हीच पद्धत ठेवली. अमेरिकेनेही बराच काळ ठेवली होती.

तिथे बँड रस्त्यावरून मैदानात आला आणि गणित बदललं. फुटबॉलच्या (त्यांच्या, अंडाकृती चेंडूच्या) सामन्यात मध्यंतराला बँड उतरू लागला. पर्ड्यू विद्यापीठाच्या बँडने १९०७ मध्ये रांगा मोडून मैदानात पी हे अक्षर उभं केलं. इलिनॉय विद्यापीठात ए. ए. हार्डिंग १९०५ पासून १९४८ पर्यंत बँड सांभाळत होते. विद्यापीठाचा बँड ही गंभीरपणे घ्यायची गोष्ट आहे, हे तिथे ठसवण्यात त्यांचा मोठा वाटा. शाळांच्या बँडची पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९२३ मध्ये शिकागोला झाली. तिच्यामागे वाद्यं बनवणाऱ्या कंपन्यांचा पैसा होता, कारण पहिलं महायुद्ध संपल्यावर पलटणींची मागणी आटली होती आणि नवं गिऱ्हाईक हवं होतं. ते गिऱ्हाईक म्हणजे शाळा.

दुसऱ्या महायुद्धानंतर गावोगावच्या हायस्कुलांत बँड झाले, पण त्यांचे मास्तर होते संगीत शिक्षक. कुणी क्लॅरिनेट शिकलेला, कुणी ट्रम्पेट. मेस फिरवणं, हुकूम देणं, रांग वळवणं त्यांना कुणी शिकवलेलंच नव्हतं. वर्गात साठ-सत्तर पोरं, त्यात ड्रम मेजर एक किंवा दोन. एवढ्यांसाठी वेगळा तास कोण लावणार? पण पन्नास शाळांचे दोघे-दोघे एकत्र केले की शंभर होतात आणि एक शिबिर भरतं. तुमच्या 'शाळेतच का नाही' या प्रश्नाचं उत्तर इतकं साधं आहे.

आता पहिलं शिबिर. स्मिथ-वॉलब्रिजचं शिबिर १९४९ चं, म्हणजे पार्क्स यांच्या अकॅडमीच्या जवळजवळ तीस वर्षं आधीचं. जागा इंडियाना राज्यातलं तळ्याकाठचं सिरॅक्यूज गाव (न्यूयॉर्क राज्यातलं मोठं सिरॅक्यूज नव्हे, हा घोळ बरेच जण करतात). वाद्यांच्या कारखान्यांसाठी प्रसिद्ध असलेलं एल्कहार्ट तिथून जवळच. पुढे हे शिबिर इलिनॉय राज्यात चार्ल्सटन इथल्या ईस्टर्न इलिनॉय विद्यापीठात गेलं. तेव्हा १९७८ ला 'पहिली' म्हणू नका. 'सगळ्यात गाजलेली' म्हणा, हरकत नाही.

---

तिगुण

कवायत मास्तर यांना +१. मधली एक कडी जोडतो. ती नसेल तर १९७८ लाच ही अकॅडमी का निघाली ते कळत नाही.

ती कडी म्हणजे ड्रम कोअर. शाळेशी संबंध नसलेली, पितळी वाद्यं आणि ढोल-ताशांसारखी तालवाद्यं यांची पथकं. त्यातली बरीचशी अमेरिकन लीजनसारख्या माजी सैनिकांच्या संघटनांच्या आश्रयाने वाढली. १९७१ मध्ये काही पथकांनी वेगळं होऊन ड्रम कोअर इंटरनॅशनल ही संघटना काढली आणि १९७२ मध्ये विस्कॉन्सिनमधल्या व्हाइटवॉटरला तिची पहिली अजिंक्यपद स्पर्धा झाली. त्या दशकात कोअरची शैली हायस्कूल बँडनी झपाट्याने उचलली. आधी प्रत्येक सामन्याला नवा, सोपा कार्यक्रम बसवायचा रिवाज होता. आता अख्ख्या मोसमासाठी सात-आठ मिनिटांचा एकच कार्यक्रम, पण त्यात लय बदलते, मध्येच थांबते, पुन्हा उचलते, आणि शंभर जण त्याच वेळी मैदानभर पसरलेले. पुढे चालणारा मेसवाला इथे कुचकामी, कारण बँडला 'पुढे' अशी दिशाच उरली नाही. मग ड्रम मेजर प्रेक्षकांच्या बाजूला, मध्यरेषेवर, पोडियमवर (उंच चौथऱ्यावर) चढला आणि तोंड बँडकडे केलं. त्याचं काम संगीत-संचालकाचं झालं.

तेव्हा १९७० च्या दशकात अचानक अशी परिस्थिती आली की हजारो सोळा-सतरा वर्षांच्या मुलांना लय हातात धरायला कुणीतरी शिकवायला हवं होतं. जुनी शिबिरं मेस आणि संचलनाच्या काळात घडलेली. १९७५ मध्ये मार्चिंग बँड्स ऑफ अमेरिका ही संस्था निघाली, १९७६ च्या उन्हाळ्यात तिची पहिली कार्यशाळा व्हाइटवॉटरलाच झाली. (तीच पुढे बँड्स ऑफ अमेरिका, आणि २००६ पासून म्युझिक फॉर ऑल. तिचं उन्हाळी शिबिर आता इंडियानातल्या बॉल स्टेट विद्यापीठात भरतं आणि त्यात ड्रम मेजरचा वेगळा वर्ग असतो.)

जॉर्ज पार्क्स हे या दोन्ही जगांतले. डेलावेअरमधलं हायस्कूल, मग वेस्ट चेस्टरला संगीताची पदवी, नॉर्थवेस्टर्नला पदव्युत्तर शिक्षण, आणि सोबत पेनसिल्व्हेनियातल्या रेडिंग बकॅनिअर्स या कोअरचे ड्रम मेजर. १९७७ मध्ये, चोविसाव्या वर्षी, ते मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या अ‍ॅमहर्स्टमधल्या बँडचे संचालक झाले आणि पुढच्याच वर्षी त्यांनी अकॅडमी काढली. तेहेतीस वर्षं दोन्ही चालवलं. १९९८ मध्ये त्यांच्या बँडला सडलर ट्रॉफी मिळाली. कॉलेज बँडसाठी तिथे याहून मोठा मान नाही.

तुम्ही व्हिडिओ पाहिले असतील तर ती सवाल-जवाबाची आरोळी ऐकली असेल. ड्रम मेजर विचारतो, बँड ओरडून उत्तर देतो: पाय? जुळलेले! पोट? आत! छाती? बाहेर! खांदे? मागे! कोपरं? गोठलेली! हनुवटी? वर! नजर? अभिमानाची! शेवटचं दोनदा. पार्क्स यांच्या बँडमुळे आणि अकॅडमीमुळे ही देशभर पसरली. वरवर घोषणा वाटते, पण ती तपासणीची यादी आहे. तळपायापासून वर नजरेपर्यंत एकेक अवयव क्रमाने जागेवर येतो, आणि ओरडताना फुप्फुसं रिकामी होऊन पुढचा श्वास आपोआप पोटातून घेतला जातो. शंभर जणांना 'सरळ उभे राहा' म्हणालात तर शंभर प्रकारचं सरळ मिळतं. अशी यादी दिली की एकाच प्रकारचं.

वहीत एखाद्या वाक्यापुढे चांदणी काढून ते 'स्टार्ड थॉट' म्हणून जपायची पद्धतही त्यांचीच. ते मला जरा शाळकरी वाटतं, पण तिथले जुने विद्यार्थी त्यावर जीव टाकतात.

१६ सप्टेंबर २०१० ला बँड मिशिगनच्या सामन्यासाठी निघाला असताना ओहायोत, कायाहोगा फॉल्स इथला कार्यक्रम झाल्यावर, पार्क्स यांना हृदयविकाराचा झटका आला आणि ते गेले. वय ५७. दोनच दिवसांनी बँड मिशिगनच्या मैदानात उतरला. एका माणसाच्या आवाजावर उभं असलेलं शिबिर त्या माणसाबरोबर संपतं, असा सर्वसाधारण अनुभव. इथे तसं झालं नाही, कारण शिकवणारी फळी आधीच तयार होती. डेलावेअर विद्यापीठाच्या बँड संचालक हायडी सार्व्हर आणि पार्क्स यांच्या पत्नी जीन यांनी ते पुढे नेलं. आता अकॅडमीच्या नावातच जॉर्ज एन. पार्क्स आहे.

---

बावीस साडे

इतिहास झाला, आता शिकवण्याकडे येतो. (हे टोपणनाव का, ते खाली कळेल.)

पहिला दिवस उभं राहण्यात आणि हातात जातो. चार मात्रांचा साचा: पहिला ठोका खाली, दुसरा आत, तिसरा बाहेर, चौथा वर. दोन्ही हात एकमेकांचं आरशातलं प्रतिबिंब. बोटं जुळलेली, तळवा सपाट, मनगट ताठ. कॉन्सर्टचा संचालक मनगटाने आणि काडीने बारीक कलाकुसर करतो. इथे पन्नास-साठ मीटरवरून बघणाऱ्या ट्रोम्बोनवाल्याला मनगट दिसत नाही, त्याला कोपरापासूनचा हात दिसतो.

यात सगळ्यात महत्त्वाचा बिंदू म्हणजे इक्टस, ठोका 'पडतो' ती जागा. हवेत एक अदृश्य टेबल आहे असं धरायचं आणि चारही ठोके त्या टेबलावर पडले पाहिजेत. नवशिक्याचा पहिला ठोका पोटाशी, दुसरा छातीशी, चौथा कपाळाशी पडतो. बघणाऱ्याला मग ठोका कधी झाला ते अंदाजाने ठरवावं लागतं, आणि शंभर जणांचे शंभर अंदाज. उपाय अगदी घरगुती: छातीच्या खालच्या उंचीचं कपाट किंवा ओटा शोधायचा, त्याच्यावर तळवे हलके टेकवत साचा करायचा. आठवड्याभरात हाताला ती पातळी कळते.

दुसरी नेहमीची चूक उसळीची. ठोका पडल्यावर हात परत वर येतो ती उसळी, म्हणजे रिबाउंड. ती ठोक्याइतकीच जोरकस झाली की दोन ठोक्यांच्या मधला 'अँड'सुद्धा ('वन-अँड-टू-अँड' मोजतात त्यातला) ठोका वाटतो आणि मागच्या रांगेत कुणीतरी दुप्पट लयीत चालायला लागतो. उसळी ठोक्याच्या निम्म्याहून कमी ठेवा.

तिसरी चूक सगळ्यांचीच: गाणं जोरात आलं की हात मोठे होतात. हात मोठा झाला म्हणजे तेवढ्याच वेळात जास्त अंतर कापायचं, म्हणजे स्नायूंना जास्त वेग हवा, तो मिळत नाही, आणि लय पडते. बँड जोरात वाजवताना संथ होण्याचं खापर ढोलांवर फुटतं, दोष बऱ्याचदा पोडियमवर असतो. मिनिटाला १६० ठोक्यांच्या वर गेलात की साचा लहान करा. त्याहून जलद असेल तर चारऐवजी दोनचा साचा घ्या.

लय लक्षात ठेवण्याचा सराव असा करून घेतात. मेट्रोनोम (ठरावीक लयीत ठोके देणारं यंत्र) मिनिटाला १२० वर लावायचा, १६ ठोके ऐकायचे, आवाज बंद, पुढचे १६ नुसते हाताने, पुन्हा आवाज. परत आला तेव्हा किती सरकलात ते लगेच कळतं. जमलं की बंद काळ ३२, मग ६४. १२० सोपा, कारण सेकंदाला दोन. १४४ आणि १३२ यांच्यात गोंधळ होतो, त्यासाठी प्रत्येक लयीला एक ओळखीची चाल मनात बांधून ठेवतात.

आणि माझं नाव. अमेरिकन फुटबॉलच्या मैदानावर दर ५ यार्डांना आडवी रेघ असते. ५ यार्ड म्हणजे १८० इंच. दोन रेघांमध्ये आठ पावलं टाकायची तर प्रत्येक पाऊल २२.५ इंच. याला 'एट टू फाइव्ह' म्हणतात आणि अख्ख्या मैदानी रचनेचं मोजमाप यावर चालतं. आपल्या एनसीसीचं पाऊल ३० इंचांचं, म्हणजे त्या मैदानावर बरोबर 'सिक्स टू फाइव्ह'. आपला कॅडेट तिथे नेऊन चालवला तर दर रेघेला दोन पावलं आधी पोहोचेल.

ड्रम मेजरने हे नुसतं जाणून भागत नाही, नवीन पोरांना शिकवता आलं पाहिजे. म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शिबिरार्थींचे लहान गट पाडतात, एकेकाला पाच-सात मिनिटं 'शिक्षक' करतात आणि बाकीचे मुद्दाम चुका करतात. तिथे बघतात ते असं: चूक दिसली का, एका वाक्यात सांगता आली का, लगेच पुन्हा करून घेतली का. मुलं हमखास लांबण लावतात. थांबवून दीड मिनिट भाषण, तोवर सगळ्यांचे पाय थंड. नियम असा की एका वेळी एकच दुरुस्ती, आणि बोलणं संपताच 'पुन्हा'.

---

पडघम

वा, हेच हवं होतं. एक शंका. काही व्हिडिओंत असं सांगतात की मैदानाच्या पुढच्या कडेला ठेवलेली मोठी वाद्यं, झायलोफोन वगैरे, त्या वादकांनी ड्रम मेजरकडे बघायचं नाही. मग ड्रम मेजर कशाला?

---

बावीस साडे

त्या भागाला 'पिट' म्हणतात. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला वाद्यं जमिनीवर ठेवायची मुभा कोअरमध्ये आली, तिथून ती हायस्कुलांत उतरली.

कारण आवाजाचा वेग. हवेत सेकंदाला साधारण ३४३ मीटर. मैदानाची रुंदी ५३ पूर्णांक १/३ यार्ड, म्हणजे सुमारे ४८.८ मीटर. मागच्या कडेचा आवाज पुढच्या कडेला यायला ०.१४ सेकंद लागतात. लय १८० असेल तर एक ठोका ०.३३ सेकंदाचा, म्हणजे आवाज ठोक्याच्या चाळीस टक्क्यांहून जास्त उशिरा पोहोचतो. प्रकाशाला काहीच वेळ लागत नाही. पिटने हात बघून वाजवलं तर प्रेक्षकांना पिट आधी आणि मागचे ढोल नंतर ऐकू येतात, आणि कार्यक्रम फाटतो. म्हणून पिट मागून येणारा ढोलांचा आवाज ऐकून वाजवतं. मागचे ढोलवाले हात बघतात आणि पुढून येणारा आवाज मनातून बंद करतात.

साधा नियम: मागे असाल तर बघा, पुढे असाल तर ऐका.

मग ड्रम मेजरने काय करायचं? त्याने स्वतःच्या कानावर विश्वास ठेवायचा नाही. पोडियमवर त्याला सगळं उशिराच ऐकू येतं, आणि त्या आवाजाशी हात जुळवायला गेला की हात सावकाश होतो, बँड त्याच्यामागे सावकाश होतो, तो आणखी सावकाश. पाच-सहा ओळींत लय १६० वरून १५० वर. यावर शिकवतात तो तोडगा म्हणजे मधल्या स्नेअरवाल्याच्या (कडक आवाजाचा लहान ढोल वाजवणाऱ्याच्या) पायांवर डोळे ठेवणं. पाय दिसतात ते तत्क्षणी, त्यात उशीर नाही. त्याचा डावा पाय आणि तुमचा पहिला ठोका जुळला की काम झालं. मैदानावर दोन-तीन ड्रम मेजर असतील तर बाजूच्यांनी मधल्याचे हात बघायचे आणि कानाने काही म्हणजे काही करायचं नाही. मैदानाची लांबी १०० यार्ड, ९१ मीटर. एका टोकाचा आवाज दुसऱ्या टोकाला पाव सेकंदाहून उशिरा जातो.

---

टिपरू

अवांतर: ढोल-ताशा पथकात हेच होतं. ३० मीटर लांब मिरवणुकीत पुढचा ताशा मागच्या ढोलाला सुमारे ०.०९ सेकंद उशिरा ऐकू जातो. ठेका जलद झाला की शेवटची रांग 'मागे पडते' म्हणून ओरडा खाते, पण ती ऐकू येतंय तसं बरोबरच वाजवत असते. ताशे मधोमध घेतले की अंतर निम्मं होतं. ठेका बदलताना हाताची खूण मागच्या रांगेला दिसेल अशी वर केली तर आणखी बरं. नाही तर टोल बडवून काही फरक पडत नाही.

---

मेस उंचावून

तिगुण, तुमचा प्रतिसाद चांगला आहे, पण 'मेसवाला कुचकामी' हे मान्य नाही. मैदानात असेल. अमेरिकेतले शाळेचे बँड अजूनही मेमोरियल डे, ४ जुलै, थँक्सगिव्हिंगच्या संचलनांत रस्त्यावर चालतात, आणि तिथे पोडियम नेता येत नाही. पार्क्स यांच्या अकॅडमीत मेस, सॅल्यूट आणि आवाजी हुकूम राहिले ते जुन्याच्या हौसेपोटी नव्हे. मैदानी स्पर्धांनाच वाहिलेल्या कार्यशाळांनी हे सोडून दिलं आणि त्यांची मुलं रस्त्यावर आली की शिट्टी फुंकत धावाधाव करतात.

आवाजी हुकमाचे दोन तुकडे असतात: आधी सूचना, मग कृती. 'फॉरवर्ड' ही सूचना, 'मार्च' ही कृती. आपल्या 'तेज' आणि 'चल' सारखंच. या दोन तुकड्यांमधलं अंतर दर वेळी तेवढंच असलं पाहिजे, नाहीतर अर्धी रांग आधी पाऊल उचलते. नवशिके सूचना घाईत उरकतात आणि कृतीचा शब्द लांबवतात. उलट हवं: सूचना लांब आणि चढती, कृती तोकडी आणि तुटक. आवाज घशातून काढला तर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बसतो. कमरेला दोन्ही हात लावून हुकूम द्यायचा. बोटं बाहेर ढकलली गेली तर श्वास बरोबर ठिकाणाहून येतोय.

मेसमध्ये सगळ्यात चुकणारी गोष्ट म्हणजे कटऑफ, गाणं थांबवायची खूण. मुलं शेवटच्या ठोक्यावर मेस वर नेतात. तोवर उशीर झालेला असतो. बँडला निदान आठ ठोके आधी ती वर दिसली पाहिजे. रस्त्यावर वळण असेल तर वळणाच्या आधी, कारण वळल्यावर मागच्या रांगांना तुम्ही दिसतच नाही. पलटणीची मेस साधारण ५ फुटांची. लहान चणीच्या मुलाच्या हाती तेवढीच दिली तर खालचं टोक रस्त्याला घासतं आणि खूण अर्धवट राहते. उंचीप्रमाणे आखूड घ्यावी.

आणखी एक, मुलींबद्दल. जुन्या छायाचित्रांत मुली दिसतात त्या बहुतेक काठी फिरवणाऱ्या मेजरेट. बँडचं नेतृत्व वेगळं, आणि ते दीर्घकाळ मुलांकडे. १९७२ च्या टायटल नाइन कायद्याने शिक्षणातला लिंगभेद बेकायदा ठरवल्यावर दारं उघडली. ओहायो स्टेटसारख्या बड्या बँडमध्ये १९७३ पर्यंत मुलींना प्रवेशच नव्हता. पार्क्स यांची अकॅडमी त्यानंतर पाचच वर्षांनी निघालेली आहे. इतिहास लिहिताना हे सोडू नका.

---

तिगुण

रस्त्यापुरतं मान्य. शब्द मागे घेतो. मैदानात मात्र मी ठाम.

---

कवायत मास्तर

उन्हाळाच का, हे राहिलं. एप्रिल-मेमध्ये चाचणी घेऊन पुढच्या वर्षाचे ड्रम मेजर निवडतात. जूनमध्ये शाळा सुटते. ऑगस्टमध्ये शाळेचा स्वतःचा बँड कॅम्प आणि लगोलग फुटबॉलचा मोसम. म्हणजे शाळा सुटणं आणि पहिलं काम यांच्यात सात-आठ आठवडे. त्याच आठवड्यांत विद्यापीठांची वसतिगृहं, खानावळी आणि मैदानं रिकामी पडलेली असतात आणि विद्यापीठांना भाडं हवं असतं. ही शिबिरं विद्यापीठांत भरतात त्याचं कारण आधी हे, बाकीची कारणं मागून. विद्यापीठाचा दुसरा फायदा असा की सोळा वर्षांचं पोर चार दिवस तिथे राहून गेलं की दोन वर्षांनी प्रवेशाचा अर्ज तिथेच टाकण्याची शक्यता वाढते.

पडघम, लेखात शेवटी व्यावहारिक चौकट देणार असाल तर हे घाला. तिकडच्या मराठी घरांतल्या मुलांनाही उपयोगी पडेल.

शिबिर निवडताना आधी विचारायचं की तिथे एका शिक्षकामागे किती मुलं आणि प्रत्येकाचं संचालन व्हिडिओवर घेऊन दाखवतात का. शंभर जण एका सभागृहात एकत्र हात हलवत असतील तर आपली चूक आपल्याला कधीच दिसत नाही. शाळा स्पर्धांना जाणारी आहे की मुख्यतः संचलनांना, त्यावरून शिबिर ठरवायचं. मेस उंचावून यांचा मुद्दा इथे लागू पडतो. शाळेचे दोन ड्रम मेजर असतील तर दोघांना एकाच शिबिराला पाठवा. वेगवेगळीकडे गेले तर एकाचा दुसरा ठोका आत आणि दुसऱ्याचा बाहेर, आणि ऑगस्टचा पहिला आठवडा ते जुळवण्यात जातो.

सोबत न्यायचं: पायात बसलेले, सपाट तळाचे बूट (कोरे नकोत, पहिल्याच दिवशी फोड येतात), टोपी, सनस्क्रीन, पाण्याची मोठी बाटली, छोटा मेट्रोनोम किंवा फोनवरचं अ‍ॅप, आणि पुढच्या कार्यक्रमाची संगीतलिपी मिळाली असेल तर ती. गॉगल न घालता बघायची सवय करावी. गॉगल लावला की डोळे दिसत नाहीत, आणि सुरुवातीची खूण हातांइतकीच डोळ्यांनी दिली जाते.

आणि गुडघे. सावधानमध्ये मुलं गुडघे मागे ताणून कुलूप लावल्यासारखे करतात. पोटऱ्यांचे स्नायू हलेनासे होतात, रक्त पायांत साचतं, मेंदूकडे कमी जातं, आणि उन्हात पंधरा-वीस मिनिटांत मूल कोसळतं. जमिनीवर कोसळलं तर खरचटतं, पोडियमवरून कोसळलं तर हात मोडतो. गुडघे बघणाऱ्याला कळणार नाही इतपत सैल ठेवायचे आणि बुटांच्या आत बोटं आलटून पालटून दाबत राहायची. डोळ्यांपुढे अंधारी आली तर परवानगी न मागता तिथेच खाली बसायचं. ही सूट पहिल्या तासालाच सगळ्यांसमोर द्यावी लागते, नाहीतर 'सावधानमध्ये हलायचं नाही' या हट्टापायी कुणी बसतच नाही.

---

पडघम

सगळ्यांचे आभार, वाचनखूण साठवली. बावीस साडे, त्या ओट्याच्या सरावात तळवे टेकवताना आवाज व्हायला हवा की नको?

---

बावीस साडे

नको. आवाज आला म्हणजे हात आपटला, आणि आपटलेला हात उसळतो. कागदावरची धूळ झटकावी इतकाच स्पर्श.